विरजण लावा आणि तासाला बसा

मी सातारा जिल्ह्यात सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमचा वर्ग मोबाइलवर गेला. शाळा उघडल्या, तरी अतिवृष्टीची सुट्टी लागली की अजूनही तो तिथेच भरतो. त्या काळात मुलांना स्वयंपाकातले उपक्रम द्यायची टूम निघाली होती. कुणी केक करायला सांगे, कुणी बिनगॅसचं सँडविच सजवायला. फोटो सुंदर यायचे. फोटोत दिसत नसलेली आई ओट्याशी उभी असायची, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

मी उपक्रम निवडताना एवढंच बघते की पदार्थ आपला आपण होणारा हवा. ढवळत बसावं लागतं तो नको. मराठीचा तास चालू असताना दूध विरजतं, मटकीला मोड येतात, दह्याचं पाणी गळतं. मूल मधल्या सुट्टीत उठून बघतं, वहीत एक ओळ लिहितं आणि परत तासाला बसतं. घरात मोबाइल एकच असला तरी अडत नाही. दुसरी अट खर्चाची. त्या दिवशी घरात जे खाल्लं जाणार आहे, त्यातूनच उपक्रम निघाला पाहिजे. वेगळं सामान आणायला लावलं की दुसऱ्या आठवड्यात निम्मी मुलं गळतात.

सुरुवात दह्यापासून करा. आदल्या संध्याकाळी मी मुलांना निरोप पाठवते: ‘चार वाट्या, चार चिठ्ठ्या आणि दीड चमचा विरजण तयार ठेव. कुठल्या वाटीत काय होईल ते आधी वहीत लिही. चुकलं तरी खोडायचं नाही.’ अंदाज आधी लिहून घेणं मी कधीच सोडत नाही. तो नसला तर मूल नुसतं दही लावतं.

सकाळी तापवलेल्या दुधाचे चार भाग करायचे. पहिला भाग उकळता असतानाच घरातल्या मोठ्या माणसाने ओतून द्यायचा. दुसरा कोमट, म्हणजे मनगटावर थेंब टाकला तर ऊब लागावी, चटका नको. साधारण चाळीस अंश. तिसरा फ्रिजमधला गार. या तिन्हींत अर्धा-अर्धा चमचा विरजण घालून ढवळायचं. चौथा भाग पुन्हा कोमटच, पण बिनविरजणाचा. गार वाटी परत फ्रिजमध्ये जाते, दोन्ही कोमट वाट्या ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवायच्या. गरम वाटीची मात्र एक गंमत आहे. स्टीलची छोटी वाटी पटकन निवते, थोडेफार जिवाणू वाचतात आणि संध्याकाळी तिथेही दही लागलेलं सापडतं. मग मुलं म्हणतात, ‘बाई, फरक काहीच नाही.’ म्हणून ती वाटी पोळ्यांच्या कॅसरोलमध्ये झाकून ठेवायला सांगा. उष्णता टिकते, विरजणातले जिवाणू मरतात आणि दूध दूधच राहतं.

वाट्या हलवायच्या नाहीत, हे चार वेळा बजावा. दुधातल्या साखरेचं जिवाणू आम्लात रूपांतर करतात, त्या आम्लाने दुधातली प्रथिनं एकमेकांना धरतात आणि जाळं तयार होतं. अर्धवट झालेलं जाळं हलवलं की मोडतं आणि पाणी सुटतं. दर दोन तासांनी फक्त वाटी किंचित तिरकी करून बघायची. गरम आणि बिनविरजणाच्या वाटीतलं दूध संध्याकाळी झाडाला घाला, खाऊ नका.

यातला खरा फायदा वर्ग विखुरलेला असण्याचा आहे. एक मूल महाबळेश्वरला, एक फलटणला, एक मामाकडे मुंबईला. फलटणच्या उन्हाळ्यात चार-पाच तासांत लागणारं दही महाबळेश्वरच्या थंडीत रात्रभर वाट बघायला लावतं. सगळ्यांनी आपापली वेळ आणि गावाचं त्या दिवशीचं तापमान एका तक्त्यात भरलं की आलेख आपोआप काढता येतो. एका खोलीत बसलेल्या चाळीस मुलांकडून हा तक्ता कधीच मिळाला नसता. विरजण घरात नसेल तर कोमट दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकून बघायला सांगा. लागायला वेळ लागतो आणि पहिलं दही पातळ होतं. तेच पुढच्या खेपेला विरजण म्हणून वापरायचं.

मटकीचं थोडक्यात सांगते. वाटीभर मटकी रात्रभर भिजवायची. सकाळी निम्मी फडक्यात घट्ट बांधून टांगायची, निम्मी पाण्यातच राहू द्यायची. बांधलेल्या मटकीला दुसऱ्या दिवशी छान मोड दिसतात. पाण्यातली आंबूस वास सोडते, कारण बी रुजायला हवा लागते आणि बुडालेल्या बीला ती पुरेशी मिळत नाही. वजनकाटा नसला तरी वाटीने मोजा: कोरडी किती, भिजल्यावर किती, मोड आल्यावर किती. अपूर्णांकांचा गृहपाठ इथेच होतो. मोडाची उसळ होते. फोडणी मोठ्यांनी द्यायची, यावर माझ्याशी वाद घालू नका.

हळदीला तर ताटही लागत नाही. हळद पाण्यात कालवून कागदाच्या पट्ट्यांना लावून वाळवा. साबणाचं पाणी, खाण्याचा सोडा, लिंबू, चिंचेचा कोळ आणि ताक यांचा एकेक थेंब टाका. साबण आणि सोड्याखाली पट्टी तांबडी होते, आंबट पदार्थांखाली पिवळीच राहते. तांबड्या डागावर लिंबू पिळलं की रंग परत पिवळा. हळदीचा डाग धुताना लाल का होतो, हळद आणि चुन्यापासून कुंकू कसं बनतं आणि सोडा नीट मिसळला नाही तर ढोकळ्यावर लाल ठिपके का उठतात, या तिन्हींचं उत्तर एकच आहे. मी ते सांगत नाही. आजीला विचारून या म्हणते, आणि आज्या कुंकवाबद्दल इतकं सांगतात की पुढचा तास त्यातच जातो. दारात जास्वंद असेल तर पाकळ्या गरम पाण्यात भिजवून तेच सगळं पुन्हा करा. ते पाणी लिंबाने गडद गुलाबी होतं, सोड्याने हिरवं.

दोन तासांमधल्या पंधरा मिनिटांच्या सुट्टीत बसणारा पदार्थ म्हणजे काकडीची कोशिंबीर. किसलेली काकडी दोन वाट्यांत घ्या, एकीत मीठ घाला. सुट्टी संपताना मिठाच्या वाटीत पाणी साठलेलं असतं. मीठ शेवटी घालायचं, हे आई रोज का सांगते त्याचं कारण समोर दिसतं. मग दाण्याचं कूट घालून जेवणात वाढा.

श्रीखंड शनिवारी ठेवा, कारण ते दोन दिवसांचं काम आहे. लिटरभर दुधाचं दही रात्री पंच्यात बांधून फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवायचं, खाली पातेलं. सकाळी खाली जमलेली निवळी वाटीने मोजायची आणि दह्यातलं किती टक्के पाणी गेलं ते काढायचं. निवळीत थालीपिठाचं पीठ भिजवा, टाकू नका. चक्का मोजून जवळजवळ तेवढीच साखर घ्या. आंबट असेल तर थोडी जास्त. साखर मिसळताना मुलाला वाटी धरून बसवा, कारण घट्ट चक्का साखर घातल्यावर पातळ होतो आणि मुलं इथे दचकतात. कोरडी वस्तू घालून पदार्थ पातळ कसा झाला? उत्तर वहीत लिहून मगच वेलची घालायची. नंतर पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढा आणि दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, पुन्हा जरा आळतं. पुऱ्या तळायचं काम मुलांना देऊ नका, लाटायचं द्या.