डेर-डी-डासचा घोळ एकदाचा सुटला

जर्मन शिकायला घेतलं तेव्हा अ‍ॅपवर रोजची स्ट्रीक जोरात होती, पण एक वाक्य स्वतःहून बोलायचं म्हटलं की डेर का डी का डास (नामाआधी लागणारी पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी आर्टिकलं) इथेच गाडी अडायची. चूक माझीच, नुसता शब्द पाठ करायचो आणि आर्टिकल नंतर बघू म्हणून सोडून द्यायचो. त्यात डोक्यात मराठी लिंग, आपला सूर्य 'तो' आणि त्यांची डी झोनं म्हणजे चक्क 'ती'! मग अंकी या फ्लॅशकार्डच्या अ‍ॅपमध्ये सगळी कार्डं नव्याने बनवली, नुसतं टिश (टेबल) नाही तर डेर टिश, सोबत अनेकवचन, पुल्लिंगी निळं, स्त्रीलिंगी लाल, नपुंसक हिरवं. शब्दाचं शेपूटही बघायला लागलो, उंग, हाइट, काइट आलं की डी, शेन आलं की डास, म्हणून तर मेडशेन म्हणजे मुलगी असूनही डास (आपलं 'ते पोरगं' आठवा, लगेच पटतं). ऐकायला डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या हळू वाचलेल्या बातम्या, फुकट आहेत, आधी नुसत्या ऐकायच्या मग मजकूर समोर ठेवून परत. डेरचं डेन कधी होतं (नाम वाक्यात कर्म झालं की) ते तिथेच कानात बसलं. डाटिव्ह या विभक्तीमध्ये अजून माती खातो, ते सोडा.