जर्मनीत ई-रेत्सेप्ट (डिजिटल प्रिस्क्रिप्शन) आणि एपा (आरोग्याची इलेक्ट्रॉनिक फाइल) कसं वापरायचं: तब्येत ठीक आहे तोवरच सेट करून ठेवा

जर्मनीत नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आजारपणात हाच प्रश्न पडतो, डॉक्टर म्हणाले औषध लिहून दिलंय पण हातात कागद काहीच दिला नाही, आता करायचं काय? काही नाही, हेल्थ कार्ड घेऊन कुठल्याही अपोथेकेत, म्हणजे औषधाच्या दुकानात जायचं. पब्लिक इन्शुरन्सवाल्यांसाठी १ जानेवारी २०२४ पासून ई-रेत्सेप्ट सक्तीचं आहे. प्रिस्क्रिप्शन कार्डात नसतं बरं का, ते सर्व्हरवर असतं, कार्ड ही फक्त किल्ली. कार्ड नको असेल तर ई-रेत्सेप्टचं ॲप आहे, नाहीतर डॉक्टरकडे कोड असलेला प्रिंटआउट मागा, तो द्यावाच लागतो.

आता जिथे सगळे अडकतात ते सांगते. माझ्या मुलीला ताप होता, संध्याकाळचे सहा वाजलेले, अपोथेकेतल्या बाईंनी कार्ड दोनदा घालून बघितलं आणि म्हणाल्या यात काहीच दिसत नाहीये. पोरगी खांद्यावर झोपलेली, बाहेर पाऊस, मला रडूच यायचं बाकी होतं. झालं इतकंच होतं की डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शन बनवलं पण डिजिटल सही केलीच नव्हती, आणि सही होत नाही तोवर ते सर्व्हरवर जातच नाही. तेव्हापासून मी काउंटरवरून हलायच्या आधी विचारते, "इस्ट दास रेत्सेप्ट शोन सिग्नीर्ट?" म्हणजे प्रिस्क्रिप्शनवर सही झाली का? एवढं एक वाक्य पाठच करून टाका.

बीपी, थायरॉइडची रोजची औषधं असतील तर अजून सोपं. कार्ड त्या क्लिनिकमध्ये दर तिमाहीत एकदा वाचलं गेलं की पुढचं प्रिस्क्रिप्शन फोनवर सांगून होतं, तुम्ही थेट अपोथेकेत जायचं. पण २८ दिवसांच्या आत औषध घ्या, नंतर कासे, म्हणजे तुमची पब्लिक हेल्थ इन्शुरन्स संस्था, पैसे देत नाही.

आता एपा, म्हणजे तुमची इलेक्ट्रॉनिक फाइल. १५ जानेवारी २०२५ पासून कासेंनी ती प्रत्येकाची आपणहून उघडायला सुरुवात केली, नको असेल तर तुम्ही नाही म्हणून कळवायचं. १ ऑक्टोबर २०२५ पासून डॉक्टरांना ती भरणं बंधनकारक आहे. म्हणजे तुमची फाइल बहुतेक आहेच, तुम्ही फक्त आत डोकावलेलं नाही.

डोकवायला कासेचं एपा ॲप लागतं आणि खरी मेहनत पिनची आहे. हेल्थ कार्डाचा पिन आपोआप घरी येत नाही, कासेकडे मागावा लागतो, त्याआधी ओळख पटवावी लागते, मग पत्र येतं, यात दिवस जातात. दुसरा रस्ता म्हणजे आपलं रेसिडेन्स परमिटचं कार्ड, त्यात ऑनलाइन ओळखपत्राची सोय असते आणि त्याच्या पिनचं पत्र आलेलं असतं, बहुतेक जण ते न उघडता फाइलमध्ये ठेवून देतात! शोधा ते. हरवलं असेल तर आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी नागरिकांच्या ऑफिसात, नवीन पिन लावून मिळतो. हे सगळं अंगात १०२ ताप असताना नाही करता येत म्हणून आत्ताच करा.

आत गेल्यावर आधी औषधांची यादी बघा, ती ई-रेत्सेप्टवरून आपोआप भरते. जुने रिपोर्ट मात्र आपोआप येत नाहीत, स्वतः अपलोड करा, किंवा कासेकडून २४ महिन्यांत दोनदा, प्रत्येक वेळी १० पर्यंत कागद डिजिटल करून घ्यायचा तुमचा हक्क आहे. ॲलर्जी आणि ऑपरेशनचे कागद पहिले टाका.

मग परवानग्या. कार्ड घातलं की क्लिनिकला ९० दिवस फाइल दिसते, अपोथेकेला ३ दिवस, आणि ॲपमधून तुम्ही हे कमी करू शकता. एखादा कागद फक्त दाताच्या डॉक्टरपासून लपवायचा असं मात्र होत नाही, लपवला तर सगळ्यांपासूनच लपतो. मानसोपचाराचे कागद असतील तर हे नीट विचार करून ठरवा. सिक्युरिटीची काळजीही खोटी नाही, डिसेंबर २०२४ मध्ये केओस कंप्युटर क्लब या हॅकर्सच्या संघटनेच्या लोकांनी हॅम्बुर्गमध्ये यातल्या त्रुटी दाखवल्या होत्या, त्यानंतर सुधारणा करूनच एप्रिल २०२५ मध्ये डॉक्टरांकडे तिचा वापर देशभर सुरू झाला. मी माझी ठेवलीये, कारण रात्री इमर्जन्सीत मोडक्या जर्मनमध्ये औषधांची नावं आठवत बसण्यापेक्षा डॉक्टरांनी यादी बघावी हे मला जास्त सुरक्षित वाटतं. तुमचं मत वेगळं असेल तर बंद करा, उपचार तसेच मिळतात.

आजारी रजेचा पिवळा कागदही गेला, १ जानेवारी २०२३ पासून कंपनी तो कासेकडून ऑनलाइन घेते. पण आजारी आहे हे मॅनेजरला तुम्हीच कळवायचं असतं.

आणि युरोपात दुसऱ्या देशात फिरायला जाताना? फिनलंडचं ई-प्रिस्क्रिप्शन एस्टोनियात २०१९ पासून चालतंय, युरोपियन युनियनचा नवा कायदा २६ मार्च २०२५ ला लागू झाला आणि २०२९ पर्यंत सगळ्या देशांना ही देवाणघेवाण सुरू करायची आहे. तोवर निघायच्या आधी डॉक्टरांकडून कागदी प्रिस्क्रिप्शन मागून घ्या, त्यावर ब्रँड नाही तर औषधाच्या घटकाचं नाव लिहायला सांगा, ब्रँडची नावं देशागणिक बदलतात.