लॉजच्या खोलीतला सोलापुरी स्वयंपाक

अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर असा बेत आखून आमचे नातेवाईक दर सुट्टीत सोलापुरात उतरतात. घर लहान, म्हणून मुक्काम लॉजवर. चार माणसांनी तिन्ही वेळा हॉटेलात खाल्लं की खोलीचं भाडं परवडलं असं वाटायला लागतं! त्यांना मी जे सांगतो तेच इथे लिहितोय.

बुकिंग करतानाच विचारा, "खोलीत केटल, छोटा राइस कुकर चालेल का?" नाही म्हणाले तर लपवून नेऊ नका. गॅसची शेगडी मात्र कुठेच नको. खोलीत धोका आहेच, आणि रेल्वेतून सिलिंडर नेणं हा गुन्हा आहे.

मग भिंतीवरचा सॉकेट बघा. साधा सॉकेट 6 अँपिअरचा, म्हणजे 230 व्होल्टवर जेमतेम 1380 वॅट. बाजारातल्या बऱ्याच केटल 1500 वॅटच्या असतात, तिथेच प्लग तापून वितळू शकतो नाहीतर फ्यूज उडू शकतो. त्यामुळे हजार वॅटच्या आतलं भांडं घ्या, आणि केटल व कुकर एका बोर्डावर एकदम लावू नका. कुकर टेबलावर किंवा फरशीवर ठेवा, पलंगावर कधीच नाही.

आता बाजार. सोलापुरात निम्मा स्वयंपाक आयताच मिळतो: ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगा चटणी. पापडासारखी पातळ, खडखडीत भाकरी ओल लागली नाही तर कित्येक दिवस टिकते. चटणीवर कच्चं तेल, बुक्कीने फोडलेला कांदा, वाटीभर दही, झालं रात्रीचं जेवण. याला ना वीज लागते, ना मॅनेजरची परवानगी. दही-दूध मात्र लागेल तेवढंच आणा. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि खोलीत फ्रीज असेलच असं नाही.

सकाळी दडपे पोहे. फोडणी घरीच करून, थंड करून, घट्ट झाकणाच्या बाटलीत आणायची. पातळ पोह्यांवर बारीक कांदा, मीठ, लिंबू, थोडं पाणी शिंपडायचं, वरून फोडणी घालून दहा मिनिटं दडपून ठेवायचं. खोलीत फोडणी करायचा मोह टाळा. मोहरीचा वास पडद्यांत बसतो आणि धुराचा अलार्म वाजला तर सगळा मजला जागा होतो.

लहान मुलं असतील तर मऊ खिचडी. एक वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ धुऊन अर्धा तास भिजवा. कुकरमध्ये चार वाट्या पाणी, हळद, मीठ घालून शिजवा. डाळ-तांदळाच्या पुड्या घरूनच मोजून बांधल्या की मापाची भानगड नाही. शिजवाल तेवढं संपवा. रात्रीचा भात सकाळसाठी ठेवू नका, आणि खरकटं बेसिनमध्ये तर मुळीच ओतू नका.

दुपारी स्वयंपाकाच्या फंदात पडायचंच नाही. अक्कलकोटला अन्नछत्रात महाप्रसाद विनामूल्य असतो, इच्छा असेल तर देणगी द्या. वाचलेल्या पैशांतून एका रात्री बाहेर बसून झणझणीत मटण आणि भाकरी खा, शाकाहारी असाल तर शेंगाची पोळी शोधा.

निघताना कडक भाकरीची दोन पाकिटं घ्या आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवा. तरीही मोडतील. मोडू द्या, आमटीत चुरूनच खायची असते.