५.१ साठी साउंड कार्ड घ्यावं का? आधी स्पीकरची मागची बाजू आणि घरचं अर्थिंग बघा

कॉम्प्युटरला ५.१ चा संच, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, जोडायचा म्हटलं की साउंड कार्डाचा, म्हणजे आवाजासाठी वेगळ्या घ्यायच्या कार्डाचा, विषय निघतोच. माझं मत स्पष्ट आहे: बहुतेक घरांत ते लागत नाही. मदरबोर्डवर (कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डवर) आधीच असलेल्या आवाजाच्या सोयीला आपण जी नावं ठेवतो, त्यातली बरीचशी गडबड वायरींची आणि अर्थिंगची असते. मराठवाड्यात उन्हाळ्यात तर हमखास. म्हणून पैसे काढण्याआधी या क्रमाने जा.

१. स्पीकरच्या मागची सॉकेट मोजा

सबवूफरचा डबा भिंतीपासून ओढा आणि मागे बघा. ५.१ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक संचांना इनपुटसाठी लाल आणि पांढरं अशी दोनच आरसीए (टीव्हीच्या मागे असतात तशी गोल) सॉकेट असतात. असा संच डावा-उजवा एवढाच आवाज घेतो आणि तोच सगळ्या स्पीकरना वाटून देतो. त्याला कितीही महागाचं कार्ड लावा, गेममध्ये पाठीमागून आलेल्या माणसाची पावलं पाठीमागून ऐकू येणार नाहीत. सहा सॉकेट असतील तर खरा सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी वेगवेगळा आवाज, मिळेल. त्यासाठी एका टोकाला ३.५ एमएमची पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए, अशा तीन वायरी आणा.

घरात एचडीएमआयवाला एव्ही रिसीव्हर (आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा डबा) असेल तर प्रश्न इथेच मिटला. ग्राफिक्स कार्डातून एचडीएमआय काढून रिसीव्हरला द्या. त्यातून आठ चॅनेलपर्यंत (चॅनेल म्हणजे एकेका स्पीकरचा वेगळा आवाज) आवाज डिजिटल रूपातच जातो, साउंड कार्डाचा संबंधच येत नाही.

२. मदरबोर्डवर जोडून बघा

इंटेलने २००४ मध्ये मदरबोर्डवरच्या आवाजासाठी एचडी ऑडिओ हे मानक आणल्यापासून मदरबोर्डवरून ५.१ आणि ७.१ (सात स्पीकर आणि सबवूफर) देणं ही नेहमीची गोष्ट झाली आहे. मागे पाच-सहा जॅक असतील तर हिरवा पुढच्या स्पीकरचा, काळा मागच्यांचा, नारिंगी सेंटर आणि सबवूफरचा. तीनच जॅक असतील तर सहसा निळा मागच्या स्पीकरना आणि गुलाबी सेंटर-सबवूफरला जातो. रिअलटेकच्या (मदरबोर्डवर सहसा याच कंपनीची आवाजाची चिप असते) सेटिंगमध्ये तसं निवडावं लागतं.

मग विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'साउंड', त्यात 'प्लेबॅक', तिथे स्पीकर निवडून 'कॉन्फिगर' दाबा. '५.१ सराउंड' निवडून 'टेस्ट' करा आणि एकेका स्पीकरजवळ कान नेऊन ऐका. सेंटरची पाळी आली की सबवूफरच घुमतोय? मग त्या वायरीच्या दोन आरसीए पिना उलट्या लागल्यात, अदलाबदल करा. बस. साधं स्टिरिओ गाणं लावल्यावर मागचे स्पीकर गप्प राहिले तर तो बिघाड नाही, त्या गाण्यात मागचा आवाजच नसतो.

३. गुणगुण कुठून येते ते शोधा

खरा वेळ इथे द्या, कारण कार्ड घेण्याचा निर्णय बहुतेकदा या गुणगुणीपायीच होतो.

आधी ऑडिओच्या तिन्ही वायरी स्पीकरच्या बाजूने काढा. तरीही घुमत असेल तर दोष स्पीकरच्या अँप्लिफायरचा किंवा लाईटचा आहे. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू झाला की गुणगुण वाढते? स्क्वेअर वेव्हच्या (गुळगुळीत लहरीऐवजी चौकोनी लहरीची वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरवाले स्पीकर असेच ओरडतात.

वायरी काढल्यावर आवाज थांबला, तर मदरबोर्डच्या मागच्या हिरव्या जॅकला साधा हेडफोन लावा. हेडफोनमध्ये शांतता असेल तर मदरबोर्ड निर्दोष आहे, गडबड अर्थिंगची. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग मिळतच नाही असं समजा, आणि मग गुणगुणीपेक्षा जिवाची काळजी आधी.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि जमिनीत करंट उतरायला अडथळा वाढतो. पावसाळ्यात नीट चाललेला संच एप्रिल-मे मध्ये घुमायला लागतो तो यामुळे. पाणीटंचाईच्या दिवसांत जीवावर येतं, पण खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला, आणि इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. कॉम्प्युटर, स्पीकर आणि मॉनिटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. केबल टीव्हीची वायर जोडलेली असेल तर ती काढून ऐका. गुणगुण घालवायला प्लगची तिसरी पिन मात्र कधीही तोडू नका.

पीसीआय एक्सप्रेसवालं, म्हणजे मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये खोचायचं, कार्ड त्याच कॅबिनेटमध्ये, त्याच अर्थवर बसतं. त्यामुळे ही गुणगुण कार्ड घेऊनही तशीच राहते.

हेडफोनमध्येही चरचर येत असेल, माउस हलवला किंवा पान सरकवलं की ती बदलत असेल, तर आवाज कॅबिनेटच्या आतला आहे. पुढच्या जॅकला येते आणि मागच्याला नाही, तर पुढच्या वायरीचा दोष. मागचा जॅक वापरा. दोन्हीकडे येते, तर कार्डाचा विचार रास्त आहे.

४. कार्ड घेण्यासारखी कारणं

एक म्हणजे वरची आतली चरचर. त्यासाठी मला बाहेर ठेवायचं यूएसबी साउंड कार्ड जास्त पटतं, कारण ते कॅबिनेटमधल्या गोंगाटापासून लांब असतं. पण एकच हेडफोन जॅक असलेल्या, '७.१' छापलेल्या स्वस्त यूएसबी डोंगलला भुलू नका. सहा चॅनेलसाठी आउटपुटचे तीन जॅक दिसायलाच हवेत.

दुसरं कारण ऑप्टिकल वायर. तिच्यातून साधा स्टिरिओ जातो, नाहीतर डॉल्बी किंवा डीटीएस या पद्धतीने दाबून लहान केलेला सराउंड. गेमचा ५.१ चालता चालता तसा दाबायला डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्टची सोय लागते. पुष्कळ मदरबोर्डांत ती नसते, काही कार्डांत असते.

गेम वेगाने चालेल म्हणून कार्ड घेऊ नका. विंडोज व्हिस्टाने २००७ मध्ये डायरेक्टसाउंडचं हार्डवेअर अॅक्सिलरेशन, म्हणजे गेमच्या आवाजाचं काम प्रोसेसरऐवजी कार्डाकडे सोपवण्याची सोय, काढून टाकलं, तेव्हापासून तो फायदा उरलेला नाही.

घ्यायचं ठरलंच तर आधी कॅबिनेट उघडा. छोट्या मदरबोर्डवर जाड ग्राफिक्स कार्डाखाली लहान स्लॉट झाकला जातो, मग आतलं कार्ड बसायला जागाच राहत नाही. दुकानात परत घेण्याची मुदत विचारून घ्या आणि घरी आणल्या दिवशीच तीच हेडफोनची तपासणी कार्डावर करा.