दादरला लाईन बदलायचीय? मग आधी पूल ठरवा

कल्याणहून बोरिवली, ठाण्याहून अंधेरी, विरारहून डोंबिवली, वेस्टर्न-सेंट्रल बदलायचं म्हटलं की बहुतेक जण दादरच धरतात कारण दोन्हीकडच्या फास्ट गाड्या इथे थांबतात. हार्बर मात्र दादरला नाही, वाशी-पनवेलवाल्यांनी कुर्ला किंवा वडाळा बघायचं.

तिकीट एकच काढा, खिडकीवर "बोरिवली, व्हाया दादर" एवढं सांगितलं की झालं. मध्ये बाहेर पडून परत रांग लावायची काही गरज नाही. फक्त साधं तिकीट एसी लोकलला चालत नाही, तेवढं लक्षात असू द्या.

आता प्लॅटफॉर्म नंबर. पूर्वी दोन्ही लाईनींचे नंबर एकपासून सुरू व्हायचे आणि "एक नंबर कुठाय" विचारलं की समोरचा आधी विचारायचा, "वेस्टर्नचा का सेंट्रलचा?" डिसेंबर २०२३ पासून ती भानगड संपली, वेस्टर्नचे १ ते ७ तसेच राहिले आणि सेंट्रलचे ८ ते १४ झाले. पण जुने लोक अजून सवयीने जुनेच नंबर सांगतात, माझी मावशी तर आजही ८ ला "सेंट्रलचा एक" म्हणते, त्यामुळे कोणी तोंडी नंबर सांगितला तरी वरचा बोर्ड वाचूनच पुढे जा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूल. दादरला एकापेक्षा जास्त पूल आहेत, माटुंग्याच्या बाजूला, मध्ये, परळच्या बाजूला, आणि कुठला पकडायचा हे गाडीत चढतानाच ठरवायचं. कल्याणहून सीएसएमटीला जाणाऱ्या गाडीचा मोटरमनकडचा डबा परळच्या बाजूला येतो आणि मागचे डबे माटुंग्याच्या बाजूला राहतात. सोबत सामान किंवा वयस्कर माणूस असेल तर सरकता जिना कुठल्या पुलाला आहे ते रोजच्या एखाद्या प्रवाशाला विचारून ठेवा, लोक आनंदाने सांगतात.

उतरायची तयारी आधीच्या स्टॉपलाच करायची. सेंट्रलच्या फास्टमध्ये असाल तर कुर्ला सुटलं की आणि वेस्टर्नच्या फास्टमध्ये असाल तर बांद्रा सुटलं की दाराकडे सरकायचं, पुढच्याला "दादर उतरणार का?" विचारायचं, तो नाही म्हणाला तर जागा बदलून घ्यायची, आणि दादर कुठल्या बाजूला येतं तेही तिथेच विचारून घ्यायचं, कारण गाडी पूर्ण थांबायच्या आत चढणारे आत घुसतात आणि मग बॅग छातीशी धरून बाहेर पडणं फार अवघड होतं.

सेंट्रलचा इंडिकेटर नीट वाचा. त्यावर "एस" म्हणजे कर्जत आणि "एन" म्हणजे कसारा, आणि स्लो-फास्टचं अक्षर वेगळं असतं, स्लोलाही "एस"च. माझ्या मामेभावाला मुलुंडला उतरायचं होतं, त्याने "एस" बघितला, स्लो समजून चढला, ती निघाली कर्जत फास्ट आणि मुलुंड न घेता थेट ठाण्याला गेली. म्हणून दोन्ही अक्षरं बघा, घोषणा ऐका, आणि तरी शंका असली तर दारातल्या माणसाला विचारा.

वेळ किती धरायचा? दुपारी दहा मिनिटं पुरतात, सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाचनंतर मी वीस धरते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीसाठी लाखो लोक येतात, गणपती-दिवाळीच्या आधी वेस्टच्या बाजारामुळे पूल भरलेले असतात, त्या दिवसांत आणखी वेळ हाताशी ठेवा किंवा परळ-प्रभादेवीला बदला, ती दोन स्टेशनं पुलाने जोडलेली आहेत, फक्त तिथे फास्ट मिळत नाही.

आणि पुलावर धावू नका, खरंच सांगते. २९ सप्टेंबर २०१७ ला याच परळ-एल्फिन्स्टनच्या (म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या) पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले, सगळे आपल्यासारखेच रोजचे प्रवासी. जिन्यावर डावीकडून चाला, फोन आला तर खाली उतरून घ्या, पाऊस आला तरी छत्री उघडायला जिन्यात थांबू नका, आणि पुढे गर्दी अडकलीय असं दिसलं तर मागून ढकलण्यापेक्षा प्लॅटफॉर्मवरच थांबा, पाच-सहा मिनिटांत दुसरी गाडी येते.