खानदेशच्या उन्हाळ्यात एअर प्लांट कसे जगवावे आणि सजवावे

एअर प्लांटला माती लागत नाही, पाणी मात्र भरपूर लागतं. नुसतं भिंतीला टांगून ठेवलं तर जळगाव-भुसावळच्या एप्रिलमध्ये ते काही आठवड्यांत वाळून जातं. रोपासोबतच्या चिठ्ठीवर बहुधा ‘आठवड्यातून दोनदा फवारा’ असं लिहिलेलं असतं. ते दमट हवेच्या गावाला चालतं. आपल्याकडे मार्च ते मे हवा कोरडी ठणठणीत असते, पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो, आणि पावसाळा लागला की चित्र उलटं होतं. म्हणून पाण्याचं वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलावंच लागतं.

ही झाडं टिलँडसिया या वंशातली, अननसाच्या कुळातली. त्यांचं मूळ घर अमेरिका खंड, तिथे ती झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांवर वाढतात. आंब्यावरचं बांडगूळ झाडाचा रस शोषतं, ही तसं काही करत नाहीत. त्यांची मुळं फक्त पकडीपुरती असतात. पाणी शोषलं जातं ते पानांवरच्या सूक्ष्म खवल्यांतून. पानांवर जी राखाडी-पांढरी लव दिसते ती हीच, धूळ समजून पुसू नका. दुसरी गोष्ट, ही झाडं पानांवरची रंध्रं रात्री उघडतात. त्या वेळी पानं ओली असतील तर त्यांना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेता येत नाही. म्हणून पाणी नेहमी सकाळी द्यायचं, संध्याकाळी कधीच नाही.

कोणती रोपं घ्यावीत

जाड, राखाडी पानांची रोपं आपल्या हवेत टिकतात. सुरुवातीला आयोनान्था किंवा झेरोग्राफिका घ्या. आयोनान्था मुठीत मावेल एवढी असते आणि फुलायच्या आधी तिची पानं लालभडक होतात. झेरोग्राफिकाची वळणदार पानं पसरून मोठा गोल होतो, ती एकटीच टेबल सजवते. बल्बोसासारखी हिरवी, तुकतुकीत पानांची रोपं पावसाळ्यात खुश असतात, पण उन्हाळ्यात फार जपावी लागतात. स्पॅनिश मॉस हीही टिलँडसियाच, तिच्या जटा दिसायला सुंदर, पण कोरड्या हवेत त्या रोज भिजवाव्या लागतात. पहिल्या वर्षी त्यांच्या नादी लागू नका.

आधी पाणी तपासा

घरातल्या बादलीवर, नळाच्या तोटीवर पांढरा थर बसत असेल तर ते पाणी क्षारांचं आहे. हेच क्षार पानांवरच्या खवल्यांवर बसतात, मग कितीही भिजवलं तरी पाणी आत जात नाही. बोअरच्या पाण्याने एअर प्लांट मरतात ते असे, हळूहळू.

पावसाचं पाणी सर्वांत चांगलं. पहिल्या दोन-तीन सरींनी गच्ची धुऊन जाऊ द्या, मग प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठवा आणि झाकण घट्ट लावा, नाहीतर डास होतील. ते संपलं की आरओचं किंवा जारचं पाणी वापरा. नळाचं पाणी गोडं असेल तर रात्रभर उघड्या बादलीत ठेवून सकाळी घ्या, क्लोरीन बरंचसं उडून जातं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी थेट वापरू नका, ते हात पोळेल इतकं तापलेलं असतं. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी तर नकोच: पाणी उडून जातं, क्षार मागे राहून साचत जातात.

भिजवण्याची पद्धत

१. सकाळी प्लॅस्टिकच्या किंवा स्टीलच्या भांड्यात रोप पूर्ण बुडेल इतकं पाणी घ्या.

२. रोप २० ते ३० मिनिटं बुडवून ठेवा. फुलावर आलेलं असेल तर फूल पाण्याबाहेर राहू द्या.

३. बाहेर काढून उलटं धरा आणि हलकेच झटका. पानांच्या बेचक्यांत थांबलेलं पाणी निघालंच पाहिजे. बल्बोसाचा बुडखा पोकळ असतो, तिला तासभर उलटंच ठेवा.

४. सावलीत, वारा लागेल अशा जाळीवर ठेवा. चार तासांच्या आत बुडख्यापर्यंत कोरडं झालं पाहिजे. त्यानंतरच परत जागेवर.

उरलेलं पाणी तुळशीला घाला.

उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा भिजवा आणि मधल्या दिवशी सकाळी फवारा. झेरोग्राफिकाला आठवड्यातून एकदाच भिजवणं पुरतं. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांतून एकदा भिजवा आणि झडीच्या दिवसांत अजिबात नको, कारण तेव्हा रोप वाळतच नाही. थंडीत आठवड्यातून एकदा, तेही ऊन वर आल्यावर. धुळे-नंदुरबारकडे रात्री पारा १० अंशांखाली उतरला की रोपं ओट्यावरून घरात घ्या.

जागा

पूर्वेच्या खिडकीपासून तीन-चार फुटांवर, भरपूर उजेड पण कडक ऊन नाही, अशी जागा निवडा. सकाळचं कोवळं ऊन चालतं. पश्चिमेची भिंत आणि पत्र्याखालची जागा एप्रिल-मेमध्ये टाळा. कूलरची खोली मात्र या झाडांसाठी उन्हाळ्यातली उत्तम जागा आहे. हवेत ओल असते आणि वाराही खेळता राहतो. फक्त कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, पाच-सहा फूट बाजूला टांगा. एसीच्या खोलीत हवा आणखी कोरडी होते, तिथे फवारे वाढवावे लागतात.

सजावट

पहिला नियम: तांबं आणि पितळ दूर. जुन्या पितळी घागरीत किंवा तांब्याच्या गडूत रोप ठेवायचा मोह होतो, पण ओल्या पानांना लागणारं तांबं त्यांच्यासाठी विषारी आहे. मोटार रिवाइंडिंगची तारही बहुधा तांब्याचीच असते. गॅल्व्हनाइज्ड तार नको, तिच्यावर जस्त असतं. बांधायला तंगूस घ्या किंवा ॲल्युमिनियमची तार.

बाभूळ, बोरीची वाकडी फांदी किंवा पुरानंतर तापी-गिरणेच्या काठाला लागलेलं लाकूड घ्या. ब्रशने गाळ धुवा आणि आठवडाभर उन्हात कडकडीत वाळवा. रंग-पॉलिश लावलेलं लाकूड नको. रोपाचा बुडखा लाकडाला टेकवा, तंगुसाचे दोन सैल वेढे खालच्या पानांमधून घ्या आणि मागे गाठ मारा. गाठ सुटेल अशी ठेवा, म्हणजे भिजवायला रोप काढता येईल. बुडख्याभोवती ओलं शेवाळ किंवा काथ्या गुंडाळला तर छान दिसतं, पण ओल धरून बुडखा सडतो. मातीची पणती, बांबूची टोपली किंवा न रंगवलेलं कवेलू यांवर रोप नुसतं ठेवलं तरी शोभतं. बंद काचेची बरणी टाळा. उन्हाळ्यात आत उकडतं, पावसाळ्यात कुजतं.

काय बिघडतं

पानं आत वळून नळीसारखी झाली, शेंडे तपकिरी झाले, तर पाणी कमी पडतंय. असं रोप एकदा दोन-तीन तास बुडवून ठेवा. बुडखा काळा-मऊ झाला आणि मधली पानं हाताला सहज निघून आली, तर ते सडलं आहे आणि सहसा वाचत नाही. बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कापूसवाल्या शेतकऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे. रोप वेगळं करा आणि इअरबड सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून तो टिपून काढा.

खत जुलै ते फेब्रुवारी महिन्यातून एकदा पुरे: ऑर्किडचं विद्राव्य खत, पाकिटावरच्या मात्रेच्या पाव पटीने, भिजवायच्या पाण्यातच. ठिबकचं १९:१९:१९ घरात असलं तरी ते नको, त्यातलं बरंचसं नत्र युरियाच्या रूपात असतं.

एक रोप आयुष्यात एकदाच फुलतं. फूल सुकल्यावर बुडाशी पिल्लं धरतात. ती आईच्या तिसरा हिस्सा तरी होईपर्यंत तोडू नका. मग बुडाशी धरून हलकेच पिळलं की सुटतात. न तोडता तशीच राहू दिली तर काही वर्षांत त्यांचा भरगच्च गोळा होतो, आणि टांगायला तो एकट्या रोपापेक्षा कितीतरी चांगला दिसतो.