‘डॉक्टर हू’: दोष नटाचा की लेखकाचा, हे कसं ठरवावं

‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश विज्ञानकथा मालिका. तिचा नायक ‘डॉक्टर’ मरणाच्या दारात नव्या रूपात पुन्हा जन्मतो आणि भूमिका नव्या नटाकडे जाते. असा नवा डॉक्टर आला की वाद पेटतो आणि संहितेचं खापर हमखास नटाच्या डोक्यावर फुटतं. आधी दोन याद्या शेजारी मांडा: डॉक्टर कधी बदलला आणि मुख्य लेखक कधी बदलला. 2010 मध्ये नट मॅट स्मिथ आणि लेखक स्टीव्हन मॉफट, 2018 मध्ये जोडी व्हिटेकर आणि क्रिस चिबनल, दोन्ही वेळा बदल एकदमच झाले. तिथे ‘आधीचा बरा होता’ या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून एकच नट दोन लेखकांच्या हाताखाली पाहा. डेव्हिड टेनंट यासाठी उत्तम: मॉफटच्या आधीचा मुख्य लेखक रसेल टी. डेव्हिस याच्या काळातला एक भाग आणि 2013 चा मॉफटने लिहिलेला पन्नाशीचा विशेष भाग घ्या. दोन्हींत जे टिकतं ते बहुधा नटाचं, जे बदलतं ते लेखणीचं. मात्र श्रेयनामावलीवर डोळे झाकून विसंबू नका. डेव्हिस इतरांच्या बऱ्याच संहिता स्वतः नव्याने लिहीत असे, त्याच्या काळात मॉफटने लिहिलेल्या मात्र नाही.

पहिल्या भागावरून निकाल देऊ नका. पुनर्जन्मानंतर डॉक्टर गोंधळलेला असतो. टेनंट तर पहिल्या पूर्ण भागात बराच वेळ अंथरुणातच आहे! शिवाय चित्रीकरणाचा क्रम वेगळा असतो. स्मिथने आधी चौथ्या-पाचव्या भागाचं काम केलं, पहिल्याचं नंतर. तेव्हा ‘भागागणिक सुधारला’ म्हणण्याआधी क्रम तपासा.

शेवटी आवाज बंद करून एक प्रसंग पाहा, मग त्याचेच नुसते संवाद वाचा. संवाद कागदावरच लंगडे असतील, तर नटाला सोडा.